प्रति: आंबोलीच्या बेडकांसाठी जिवाणू
आंबोलीच्या बेडकांना कायट्रिड या कातडीच्या जीवघेण्या बुरशीपासून वाचवायला परदेशी जांभळा जिवाणू आणून सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) डबक्यांत सोडावा, असं वर सुचवलंय; ते नकोच. जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम या जांभळ्या जिवाणूने कॅलिफोर्नियाचे पिवळ्या पायांचे बेडूक प्रयोगशाळेत वाचवले खरे, पण पनामाच्या सोनेरी बेडकांच्या कातडीवर तो टिकलाच नाही. इथल्याच बेडकांच्या कातडीवर बुरशी रोखणारा जिवाणू शोधा. बेडूक आधी निर्जंतुक पाण्याने धुवा, नाहीतर स्वॅबवर (नमुना पुसून घ्यायच्या काडीवर) चिखलातलेच जिवाणू येतात. मग पोट, मांड्या आणि बोटांमधले पडदे स्वॅबने पुसून मिळालेले जिवाणू आर२ए आगरवर (जिवाणू वाढवायच्या पोषक थरावर) वाढवा. कायट्रिड बुरशीच्या प्लेटवर जिवाणूभोवती बुरशी नसलेलं स्वच्छ कडं उमटलं तरच पुढे जा. चाचणी ३० अंशांवर घेऊ नका. बुरशी फोफावते १७ ते २५ अंशांत, वर ती आपोआपच मरगळते. हातमोजे दर बेडकाला नवे. आणि वनखात्याची परवानगी आधी, बेडूक नंतर.