'संक्रांत आली' हे पानिपतामुळे म्हणतात का?

लष्करकर: मंडळी एक विचारायचं होतं. तिळगूळ वाटताना काका म्हणाले की पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला ऐन संक्रांतीला झाली, घराघरातली माणसं गेली, आणि तेव्हापासून 'संक्रांत आली' म्हणजे संकट आलं असं म्हणायला लागले. आमच्या ग्वाल्हेरच्या ग्रुपवर पण हेच फिरतंय. खरंय का? सण तर इतका गोडाधोडाचा.

जुनं_पंचांग: तारीख बरोबर आहे हो, पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. इंग्रजी तारखेच्या हिशेबात संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे जा, दहाच्या आसपास येते. म्हणजे पानिपतच्या आधीच सण होऊन गेला होता.

छत्रीबाजार: दहा तारीख म्हटल्यावर आपल्याला दत्ताजी शिंदे आठवायलाच हवेत! १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना ते पडले, आणि दिवस संक्रांतीचाच. 'बचेंगे तो और भी लड़ेंगे' हे त्यांचं बोलणं तिथलंच. महादजींचे भाऊ ते, आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर त्यांचे पुतणे जनकोजी गेले, महादजींचा पाय कायमचा अधू झाला. संक्रांतीला लढाई जोडायचीच तर बुराडीची जोडा, शिंद्यांच्या गावात तरी ही तारीख पोरांना पाठ हवी असं मला फार वाटतं.

लष्करकर: अरे वा, हे माहीतच नव्हतं. मग म्हणणं बुराडीवरून आलं का?

जुनं_पंचांग: मला नाही तसं वाटत. पंचांगात संक्रांतीचं फल वाचा ना. ती देवी आहे, दरवर्षी वाहन वेगळं, वस्त्राचा रंग वेगळा, हातात काय, खाते काय, कुठून येते, कुठे जाते, कुठे बघते सगळं दिलेलं असतं, आणि ती जे वापरते ते महागतं, जिकडे जाते तिकडच्यांना त्रास असं फल मानतात. म्हणून तर बायका 'यंदा संक्रांत कशावर आहे' विचारतात आणि त्या रंगाची साडी त्या सणाला टाळतात. 'त्याच्या नोकरीवर संक्रांत आली' हे बोलणं सरळ यातूनच निघालेलं दिसतं, लढाईची गरजच नाही. कथेतही तिने संकरासुराला मारलं, दुसऱ्या दिवशी किंकरासुराला, तोच किंक्रांतीचा करीदिन, आमच्याकडे त्या दिवशी अजूनही कुठलं शुभकार्य काढत नाहीत.