दूरदर्शन संचाचा परवाना, ‘व्यत्यय’ची पाटी आणि आजचा टीव्ही : आपले अनुभव लिहावेत

गच्चीवरचा अँटेना
गेल्या रविवारी वडिलांचे लोखंडी कपाट रिकामे करताना तळाशी दूरदर्शन संचाचा परवाना सापडला. टपाल कार्यालयातून मिळणारे ते लहानसे पुस्तक, आत 1978 पासूनच्या नोंदी आणि प्रत्येक नोंदीवर टपालाचा गोल शिक्का. घरात टीव्ही ठेवायचा तर दरवर्षी रांगेत उभे राहून शुल्क भरावे लागे, हे मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि वर्षभराने सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. आमच्याकडे संच आला तेव्हा वडील गच्चीवर अँटेना सिंहगडाच्या दिशेने फिरवत, भाऊ जिन्यात उभा राहून निरोप पोहोचवी आणि मी पडद्यासमोर बसून मुंग्या कमी झाल्या की ओरडून सांगत असे. प्रक्षेपण बिघडले की ‘व्यत्यय’ अशी पाटी येई आणि सगळे घर त्या पाटीसमोर शांतपणे बसून राही.

परवाना सापडला त्याच रात्री आईच्या खोलीत बातम्या चालू होत्या. पडद्यावर सहा चौकटी, सहा माणसे एकाच वेळी बोलत होती, खाली लाल पट्टी धावत होती आणि कोपऱ्यात ‘मोठी बातमी’ लुकलुकत होती. आई 84 वर्षांची आहे आणि श्रवणयंत्र लावते. तिने यंत्र काढून हातात घेतले आणि मला विचारले, “हे कुणाशी बोलताहेत?” त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे. आपल्यालाही असे काही जाणवले असेल तर अवश्य लिहावे.

कृष्णाकाठ
ऑगस्ट 2019. मी तेव्हा परदेशात होतो आणि आईवडील सांगलीत, गावभागात. आम्हाला फक्त एवढेच हवे होते की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, कोयना धरणातून विसर्ग किती चालू आहे आणि खालच्या अलमट्टी धरणातून किती सोडले जात आहे. सांगलीत वाढलेल्या माणसाला 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी हे पाठ असते, आणि त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. इंटरनेटवरून एक वृत्तवाहिनी तासन्‌तास लावून बसलो, पण तेथे वीस सेकंदांचे एकच दृश्य पुन्हा पुन्हा फिरत होते, त्याला पार्श्वसंगीत होते, आणि निवेदिका ‘पाहा, पाहा’ म्हणत होती. फुटांचा आकडा मला शेवटी शेजारच्या काकांनी फोनवरून सांगितला, तेही त्यांच्या फोनची बॅटरी संपत आलेली असताना. पूर दाखवला गेला, परंतु पुरात अडकलेल्या माणसाच्या उपयोगाचे काही सांगितले गेले नाही, याचा राग आजही गेलेला नाही.

माहेरवाशीण
कृष्णाकाठ, वाचून गलबलून आले. आईवडील सुखरूप होते ना?

कृष्णाकाठ
हो ताई, तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर पडले. घराचा तळमजला मात्र पूर्ण गेला.

संवादलेखक
मी काही वर्षे दैनंदिन मालिकांसाठी संवाद लिहिले, म्हणून आतली बाजू सांगतो. दूरदर्शनच्या काळात मालिका बहुधा 13 भागांची मंजूर होत असे आणि आठवड्याला एक भाग दिसे, त्यामुळे शेवट कुठे आहे हे लेखकाला पहिल्या दिवशी ठाऊक असे. दैनंदिन मालिकेला शेवट ठरवताच येत नाही. अर्ध्या तासाच्या भागात सुमारे 22 मिनिटांची कथा लागते, आठवड्याला असे सहा भाग, आणि हाताशी तयार भागांची ‘बँक’ नसेल तर सकाळी लिहिलेले पान दुपारी सेटवर जाते. गुरुवारी टीआरपी येतो. देशभरातल्या निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढलेला तो आकडा घसरला, की त्याच संध्याकाळी ‘ट्रॅक’, म्हणजे कथेचा धागा, बदलतो.

एका मालिकेत मी नवऱ्याच्या मृत्यूनंतर नोकरी धरणारी सून लिहिली होती. तिच्या पहिल्या पगाराचा प्रसंग होता. ती पाकीट सासूसमोर ठेवते आणि दोघी काही बोलत नाहीत, एवढाच. तो चित्रितही झाला. आकडा आला आणि पुढच्याच आठवड्यात नवऱ्याला जिवंत परत आणण्याचा आदेश आला. ती गप्प बसलेली दोन मिनिटे संकलनात कापली गेली, कारण शांततेत प्रेक्षक वाहिनी बदलतो असे वरिष्ठांचे ठाम मत होते. मी ज्यांच्याबरोबर काम केले ती माणसे कष्टाळू आणि गुणी होती, बारा-बारा तास उभी राहत होती, हेही मला सांगितले पाहिजे. दर्जा त्यांच्या आळसाने घसरलेला नाही. विचार करायला लागणारा वेळच त्यांच्याकडून काढून घेतला गेला आहे.

शेताच्या बांधावरून
आमच्या वडिलांनी द्राक्षाच्या छाटणीबद्दलची पहिली शास्त्रीय माहिती दूरदर्शनवरच्या ‘आमची माती आमची माणसं’ या शेतीविषयक कार्यक्रमात ऐकली आणि बिडीच्या बंडलाच्या कागदावर औषधाचे प्रमाण लिहून घेतले. कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ समोर बसून सावकाश बोलत आणि प्रमाण दोनदा सांगत. आता कांदा शहरात महाग झाला की आमची आठवण होते, आणि भाव पडून तो शेतात सडतो तेव्हा कॅमेरा क्वचितच येतो.

स्पष्ट मत
जुन्या काळाबद्दलचा आपला जिव्हाळा मला समजतो, तरीही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. जून 1975 ते मार्च 1977 या आणीबाणीच्या काळात याच दूरदर्शनवर सरकारच्या बाजूशिवाय दुसरे काही ऐकू येत नव्हते. माझे काका तुरुंगात होते आणि बातम्यांत देश शिस्तीने पुढे चालला होता. आवाज मृदू होता, उच्चार निर्दोष होते, आणि तरीही आम्हाला जे कळायला हवे होते ते कळत नव्हते. खाजगी वाहिन्या आल्या तेव्हा ती कोंडी फुटली. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’सारखी मालिका घराघरांत पाहिली गेली, तेव्हा मराठी मनोरंजनाला चांगले दिवस आल्याचे आम्हा सर्वांना मनापासून वाटले होते. म्हणून खाजगी म्हणजे वाईट असे मी म्हणणार नाही. मिळालेली मोकळीक कशासाठी वापरली गेली, याचे मात्र मला दुःख आहे.

गच्चीवरचा अँटेना
आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आमच्या घरातून कुणी तुरुंगात गेले नव्हते, म्हणून ती शांतता आम्हाला सुखाची वाटली असेल.

ळ आणि ण
प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे या दूरदर्शनच्या वृत्तनिवेदकांच्या बातम्या ऐकताना आमचे आजोबा आम्हाला समोर बसवत आणि ‘पाणी’ कसे म्हणायचे ते ऐका, असे सांगत. 2022 मध्ये भिडे गेले त्या दिवशी मी आजोबांच्या तसबिरीसमोर बसून रडले. आता पट्टीवर ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, गावांची नावेही चुकीची लिहिलेली असतात आणि दिवसभर तशीच फिरतात.

माहेरवाशीण
रविवारी ‘साप्ताहिकी’ लागली की आई वही घेऊन बसायची आणि आठवड्याचे कार्यक्रम लिहून ठेवायची. गुरुवारी काय आहे ते पाहून बुधवारीच भाजी निवडून ठेवली जायची. कुकर लावून आले आहे, बाकीचे नंतर लिहिते.

पांढरे सोने
लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार केला. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. थोरल्या भावाने कर्जापायी जीव दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका वाहिनीची गाडी दारात आली. वहिनी आत बसली होती. त्यांनी तिला उंबऱ्यावर बसायला सांगितले, कारण आत उजेड कमी होता. “तुम्हाला काय वाटतं?” असे विचारले. ती काहीच बोलली नाही. मग त्यांनी पदर थोडा मागे घ्यायला सांगितला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्या वेळी ती रडली, तेव्हा कॅमेरा बंद झाला. बँकेचे कर्ज किती होते, सावकाराचे किती, कापूस काय भावाने गेला, हे मी एका कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद कुणीही मागितला नाही. संध्याकाळी बातमी लागली तेव्हा वहिनीचे रडणे चार वेळा दाखवले गेले आणि भावाचे नाव चुकीचे सांगितले गेले.

संवादलेखक
दादा, तो कागद अजून असेल तर जपून ठेवा.

पांढरे सोने
आहे. सातबाऱ्याच्या पिशवीत आहे.

स्पष्ट मत
आपण लिहिलेत, हे फार बरे केलेत. भावाचे नाव आपल्या मनात असेल तसेच, बरोबर, आमच्यापर्यंत पोहोचले असे समजा.

गच्चीवरचा अँटेना
आईला हे सगळे अनुभव मी सावकाश, एकेक करून वाचून दाखवले. यवतमाळच्या वहिनींबद्दल ऐकल्यावर तिने मध्येच थांबवून विचारले की त्यांना मुले आहेत का आणि ती आता कितवीत आहेत. जमल्यास सांगावे, ती वाट पाहत आहे.

पांढरे सोने
एक मुलगी आहे. यंदा बारावीला बसली आहे. काकूंना नमस्कार सांगा.