[मंडळ-चर्चा] ओटाकॉनची रात्रीची जपानी कॉन्सर्ट – कोणी जाणार आहे का?

प्रेषक: स्नेहल, एलिकॉट सिटी
बुधवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या गडबडीत मधेच भलता विषय काढतेय, सांभाळून घ्या. आमच्या इराला (इयत्ता दहावी) ऑगस्टमध्ये डीसीला ओटाकॉनला, म्हणजे जपानी ॲनिमेच्या (कार्टूनपटांच्या) चाहत्यांच्या संमेलनाला जायचंय. दिवसभर कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश) करून हिंडणं, चित्रं विकत घेणं हे मला आता पाठ झालंय. या वेळी हट्ट आहे तो रात्रीच्या कॉन्सर्टचा. जपानहून बँड येतो म्हणे. हिला जपानीचं ओ की ठो कळत नाही, पण आंघोळीला गेली की आतून अख्खी गाणी ऐकू येतात, कडव्यांसकट!

कोणाची मुलं जातात का? गर्दी कशी असते? मला आत बसावं लागेल की बाहेर थांबलं तर चालेल? आणि एवढ्या लांबून येऊन ते चार गाणी म्हणतात की पूर्ण कार्यक्रम करतात, हेही सांगा. हे म्हणतात, घरी यूट्यूबवर फुकट दिसतं ते बघायला तिथे कशाला जायचं.

स्नेहल

---

प्रेषक: मीनल
बुधवार, रात्री १०:१५

ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे ना? ढोल-ताशाच्या सरावाचं वेळापत्रक अजून आलेलं नाही, आणि इथे जपानी बँड.

---

प्रेषक: अद्वैत
बुधवार, रात्री ११:३२

स्नेहलकाकू,

मी शाळेत असल्यापासून जातोय. इराला खुशाल जाऊ द्या, फक्त अठराच्या आतल्या मुलांचे नियम त्यांच्या वेबसाईटवर आधी वाचून घ्या. कन्व्हेन्शन सेंटर माउंट व्हर्नन स्क्वेअर मेट्रोला लागूनच आहे, ग्रीन किंवा यलो लाइन. ग्रीनबेल्टला गाडी लावून जा, डीसीत पार्किंग शोधत बसू नका. परतीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते मात्र आधी बघून ठेवा, कारण कॉन्सर्ट वेळेवर सुरू होईलच असं नाही.

ओटाकॉनमध्ये कॉन्सर्ट साधारण बॅजच्या (प्रवेशपासाच्या) पैशांतच धरलेली असते. लॉस एंजेलिसच्या ॲनिमे एक्स्पोला मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं वेगळी काढावी लागतात. फुकट म्हटल्यावर रांग आलीच. आधीचा कार्यक्रम संपला की हॉल रिकामा करतात, त्यामुळे दुपारपासून आत बसून जागा धरता येत नाही. एका कन्व्हेन्शनला (नाव घेत नाही) रांग तीनदा हलवली, आणि सगळ्यात पुढे उभी असलेली पोरं सगळ्यात मागे गेली. तेव्हा इराला सांगा, पाण्याची बाटली आणि काहीतरी पोटभरीचं जवळ ठेव. कन्व्हेन्शनवाल्यांत ६-२-१ असा नियम सांगतात: सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ, हे रोज कमीत कमी. ऐकायला विनोदी वाटतं, पण शनिवारी रात्री त्या हॉलमध्ये उभं राहिलात की शेवटच्या आकड्याचं महत्त्व नाकाला कळतं.

कॉस्प्ले करून येणार असेल तर तलवार, काठी वगैरे दारावर तपासतात. गर्दीत लांब वस्तू नकोच.

आता मुख्य गोष्ट. तिथले लोक नुसते ऐकायला येत नाहीत. प्रत्येकाच्या हातात पेनलाइट असतो, बटण दाबून रंग बदलणारा. कुठल्या पात्राला, कुठल्या गायिकेला कुठला रंग हे ठरलेलं असतं. हात्सुने मिकू या संगणकी गायिकेला हिरवट निळा. 'लव्ह लाइव्ह' या ॲनिमेमधली होनोका आली की सगळा हॉल केशरी. कोणी सूचना देत नाही, पहिले दोन सूर वाजले की आपोआप होतं. शिवाय मोडायच्या केमिकलच्या कांड्या असतात, त्यांतली भडक केशरी फक्त काही मिनिटं पेटते, म्हणून ती गाण्याच्या शेवटच्या धृपदासाठी राखून ठेवायची. ती चुकीच्या वेळी मोडणाऱ्याकडे शेजारचे असं बघतात की विचारू नका.

मग आरोळ्या. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत काय ओरडायचं हेसुद्धा ठरलेलं. 'टायगर, फायर, सायबर, फायबर' अशी एक लांबलचक साखळी आहे, जपानमध्ये आयडॉल (नाचत गाणाऱ्या तरुण पॉप) गायिकांच्या कार्यक्रमांत चालते. माझं वैयक्तिक मत, ती आयडॉलच्या गाण्यालाच शोभते. संथ गाण्यात मागून कोणी 'टायगर' ओरडलं की माझं डोकं फिरतं.

फोटो, व्हिडिओ बंद. स्वयंसेवक टॉर्च घेऊन फिरतात आणि फोन वर गेला की थेट तोंडावर उजेड मारतात. हल्ली काही कलाकार एखाद्या गाण्यापुरती परवानगी देतात, तेही स्टेजवरून सांगून. म्हणून काकांना सांगा, यूट्यूबवर हे दिसत नाही.

आणि पूर्ण कार्यक्रम करतात. तास-दीड तास, वर 'आंकोरू, आंकोरू' (म्हणजे 'वन्स मोअर') ओरडून मागितलेली एक-दोन. एक गोष्ट मात्र मला खटकते. ॲनिमेच्या सुरुवातीला गाण्याचा दीड मिनिटाचाच तुकडा वाजतो. बँडचे दहा-दहा अल्बम असतात, आणि हॉल वाट बघत असतो त्या दीड मिनिटाची. ते गाणं आलं की छप्पर उडतं, पुढचं नवीन गाणं सुरू झालं की निम्मे खाली बसतात. गायक हसतमुखाने पुढे जातो, पण त्याला दिसत असणारच ना.

अद्वैत

---

प्रेषक: विश्वास
गुरुवार, सकाळी ६:४०

अद्वैत, छान लिहिलंस. पण या गोष्टी आमच्या बॉल्टिमोरात सुरू झाल्या हे विसरू नकोस! ओटाकॉन डीसीला गेलं ते २०१७ मध्ये. त्याआधी १९९९ पासून ते इथे इनर हार्बरपाशी भरत असे.

२००४ च्या ३१ जुलैला मी आमच्या चिरंजीवांना घेऊन फर्स्ट मरिनर अरीनात गेलो होतो. लार्क-आन-सिएल नावाचा जपानी बँड, अमेरिकेतला त्यांचा पहिलाच कार्यक्रम. मला वाटलं, शाळेच्या हॉलएवढं काहीतरी असेल. जाऊन बघतो तर १२,००० च्या आसपास माणूस. हीच ती जागा जिथे १९६४ मध्ये बीटल्स वाजवून गेले, आणि आता तिच्याभोवती रांगेत कोण, तर लाल कोट घातलेली, एक हात चांदीच्या रंगात रंगवलेली पोरं. नंतर कळलं की ते 'फुलमेटल अल्केमिस्ट' या ॲनिमेमधलं पात्र. जुलैतला बॉल्टिमोर, हवेत नुसता दमटपणा, आणि त्यांच्या हातांवरचा तो चांदीचा रंग घामाने ओघळून कोपरापर्यंत आलेला. एका मुलीने पुसायला माझ्याकडे रुमाल मागितला. दिला. तो परत मागण्यात अर्थ नव्हता.

मी कारखान्यातले कानात घालायचे फोमचे बोळे नेले होते, ते सुरुवातीपासून घातले. 'रेडी स्टेडी गो' सुरू झालं आणि बोळे असूनही माझ्या बरगड्या हलल्या. पण मला खरा धक्का बसला तो आवाजाचा नाही. पुढे, मागे, वर बाल्कनीत, सगळी अमेरिकन पोरं शब्दन् शब्द जपानीत म्हणत होती. बँडसुद्धा क्षणभर चाट पडल्यासारखा दिसला.

घरी येताना गाडीत चिरंजीवांना विचारलं, अरे हे तुम्हाला पाठ कसं? तेव्हा कळलं. त्या काळात चाहते स्वतःच ॲनिमेचं भाषांतर करून इंटरनेटवर फिरवत. सुरुवातीच्या गाण्याखाली ते इंग्रजी लिपीत जपानी बोल घालत, आणि गायक जिथे असेल तिथलं अक्षर रंग बदलत जाई, कराओकेसारखं. दर आठवड्याला एक भाग, म्हणजे दर आठवड्याला एक उजळणी. कोणी सक्ती केली नाही, परीक्षा घेतली नाही. आणि इकडे आम्ही रविवारच्या मराठी शाळेत मुलांकडून 'शुभं करोति' म्हणवून घेता घेता घामाघूम व्हायचो.

बँडचा अल्बम त्याच वर्षी सोनीच्या टोफू रेकॉर्ड्सने अमेरिकेत काढला होता, तो रांगेत उभ्या उभ्या विकत घेतला. चिरंजीव आता दोन मुलांचे बाप आहेत, सीडी माझ्याकडेच आहे. त्या मैफलीची डीव्हीडीसुद्धा निघाली. गर्दीच्या दृश्यात बोळे घातलेला एक माणूस शोधायचा मी प्रयत्न केला, सापडला नाही. पुढे २०१२ मध्ये हाच बँड न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाजवून आला. आमच्याकडे आधी आले होते, एवढंच म्हणायचंय.

स्नेहल, बाहेर थांबू नकोस गं. आत जा. बोळे मात्र ने.

विश्वासकाका

---

प्रेषक: गौरी
गुरुवार, दुपारी १२:०५

काकांच्या गोष्टीला माझी एक पुरवणी. सगळ्याच कॉन्सर्ट दणदणाटाच्या नसतात. २०१३ च्या ओटाकॉनला कान्नो योको आल्या होत्या, 'काउबॉय बिबॉप' या ॲनिमेचं संगीत त्यांचं. बँड नाही, काही नाही, एकट्या पियानोवर. माझ्या शेजारचा मुलगा डोक्यापासून पायापर्यंत रोबोच्या पुठ्ठ्यात होता. हलला की करकर आवाज होईल म्हणून बिचारा सगळा वेळ श्वास रोखल्यासारखा ताठ बसून राहिला. आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला समोशाच्या प्लेटा वाजतात, ते आठवून मला तिथे लाज वाटली. (मीनलताई, हलके घ्या.)

इराच्या वयाच्या मुलीला मी आधी शांत कार्यक्रम दाखवला असता. पण तिला कोण विचारतंय, जो बँड येईल तो येईल.

गौरी

---

प्रेषक: प्रसाद
गुरुवार, संध्याकाळी ७:२०

मंडळाचा साउंड बघणारा म्हणून माझे दोन शब्द.

कन्व्हेन्शन सेंटरचा हॉल गाण्यासाठी बांधलेला नसतो. खाली काँक्रीट, वर उंच छत, आणि मधे घडीच्या खुर्च्या. आवाज आपटून परत येतो. २०१५ चं बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन ज्या अनाहाइम कन्व्हेन्शन सेंटरला झालं, तिथेच २००३ ते २००६ ॲनिमे एक्स्पो भरत असे. अशा हॉलमध्ये नाट्यसंगीत लावा नाहीतर जपानी रॉक, मागच्या रांगांना वेगळे स्पीकर आणि त्यांना थोडा उशीर दिल्याशिवाय शब्द कळत नाहीत. म्हणून स्नेहल, अगदी पुढे स्पीकरच्या तोंडाशीही नको आणि भिंतीला टेकूनही नको. साउंडवाल्याचं टेबल शोधा आणि त्याच्या आसपास बसा. तो स्वतःला जे ऐकू येतं तेच नीट करत असतो.

याच कारणाने मोठे कार्यक्रम बाहेरच्या थिएटरात नेतात. २०११ मध्ये ॲनिमे एक्स्पोच्या वेळी हात्सुने मिकूचा कार्यक्रम शेजारच्या नोकिया थिएटरात झाला. मी तेव्हा कामाला लॉस एंजेलिसला होतो, मित्राने ओढत नेलं. मिकू म्हणजे सप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने २००७ मध्ये काढलेलं आवाजाचं सॉफ्टवेअर, माणूस नाहीच. पारदर्शक पडद्यावर तिचं चित्र नाचतं, मागे बँड मात्र हाडामांसाचा. माझं लक्ष सगळा वेळ ड्रमरवर. गायिका लय सोडत नाही, दम घेत नाही, ताल चुकला तर सांभाळून घेत नाही. चुकलास की तू एकटाच चुकलास. आपल्या तबलजींना ही शिक्षा कोणी देऊ नये. लोक मात्र तिच्यासाठी ओरडत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर मीपण. कसं काय, ते विचारू नका.

आणि 'जपानहून बँड येतो म्हणे' यातलं 'म्हणे' महत्त्वाचं आहे. व्हिसाचं काय असतं ते इथे निम्म्यांना ठाऊक आहे. आपली नाटकं सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून पी-३ वर येतात, रॉक बँडला बहुधा पी-१ नाहीतर ओ-१ लागतो. पण धावपळ तीच: इथल्या कोणीतरी आय-१२९ हा अर्ज भरायचा, कलाकारांच्या युनियनचं पत्र जोडायचं, फी भरायची (एप्रिल २०२४ पासून चांगलीच वाढली), आणि मग वाट बघायची. कलाकार ऐनवेळी रद्द होतात ते उगाच नाही. ज्याने नाटकाचा सेट, अकरा माणसं आणि एक आजारी नट विमानातून आणलाय त्याला त्या कन्व्हेन्शनवाल्यांची दया येईल. म्हणून इराला सांगा, नावं जाहीर झाली तरी आदल्या आठवड्यापर्यंत वेबसाईट बघत राहा.

प्रसाद

---

प्रेषक: स्नेहल
गुरुवार, रात्री १०:३०

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार.

इराला वाचून दाखवलं. विश्वासकाकांचा रुमाल तिला फार आवडला, आणि अद्वैतच्या दीड मिनिटावरून भांडायला बसली. तिचं म्हणणं, ती अख्खी गाणी ऐकते, खाली बसणारे दुसरे. तिची वही मी आज पहिल्यांदा नीट बघितली. गाण्याचे बोल तिने देवनागरीत उतरवलेत. इंग्रजीत लिहिलं की कुठे लांबवायचं ते कळत नाही, म्हणते, देवनागरीत काना-मात्रा दिला की झालं. ऱ्हस्व-दीर्घावरून मराठी शाळेच्या बाईंचा ओरडा खाणारी हीच ती कार्टी!

मी आत जाणार आहे. हे शनिवारी ग्रीनबेल्टला घ्यायला येतील. आमच्या गाडीत जाताना दोन जागा आहेत, कोणाला मुलांना पाठवायचं असेल तर शनिवारी सकाळी नऊला निघू. आणि तिथे मांसाहार सोडून काही मिळतं का?

---

प्रेषक: अद्वैत
गुरुवार, रात्री १०:४४

चायनाटाउन चालत जाण्याइतकं जवळ आहे, काहीतरी मिळेल. पण सकाळी दशम्या आणि चटणी न्या. रांगेत बसून खाता येतात, आणि शेजारचे मागतात. इराला मी बरा पेनलाइट पाठवतो, माझ्याकडे जास्तीचा आहे. त्याला तीन बारीक सेल लागतात, ते नवीन घाला. जुने घातले की पांढरा पिवळा दिसतो.

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार, सकाळी ८:१०

मंडळी, चर्चा चालू द्या, फक्त विषयात '[गणपती नाही]' लिहा, म्हणजे ज्यांना नको त्यांना वगळता येईल. मीनलताई, सरावाचं वेळापत्रक सोबत जोडलंय. ओटाकॉनच्या शनिवारी सराव ठेवलेला नाही, कारण ताशावाल्यांपैकी तिघे आधीच नाही म्हणालेत. कुठे जाणार ते मी विचारलं नाही.