'सीआयडी' बघताना तुम्ही कुठे अडखळता? (अनुभव धागा)

जानेवारी १९९८ मध्ये सोनीवर सुरू झालेली 'सीआयडी' २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली. एसीपी प्रद्युम्नची हवेत फिरणारी बोटं आणि दयाने मोडलेले दरवाजे यांवर हसून झालंय, त्यामुळे हा धागा चेष्टेसाठी नाही. शवविच्छेदन, कोर्ट, ठसे, मोबाइल, कॅमेरा, सुतारकाम, यांतलं काही ज्यांना नीट कळतं त्यांनी लिहा: भाग बघताना कुठे अडखळता, प्रत्यक्षात ते काम कसं होतं, आणि मालिकेने कुठे बरोबर नेम धरलाय. 'ओळखीचे एक इन्स्पेक्टर सांगत होते' छापाचे किस्से नकोत.

सुरुवात नावापासून करतो. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईत खून झाला की गुन्हा त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात दाखल होतो. तपास तिथलेच अधिकारी करतात, नाहीतर गुन्हे शाखा करते. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे आयुक्तालयातलं पद. त्यामुळे पडद्यावरची टीम वागते गुन्हे शाखेसारखी आणि पाटी लावते सीआयडीची. एकदा हे मनात ठरवून टाकलं की निम्मी कुरकुर संपते.

शवागार

मृत्यूची वेळ. मालिकेतले फॉरेन्सिक डॉक्टर साळुंखे प्रेताकडे बघतात आणि रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान असं सांगून मोकळे होतात. एक तासाची खिडकी कुणीही जबाबदार डॉक्टर देत नाही, कारण वेळ तीन-चार खुणा एकत्र ठेवूनच काढतात आणि प्रत्येक खूण हवामानावर हलते.

प्रेताचा ताठरपणा आपल्याकडे साधारण एक-दोन तासांत दिसू लागतो. आधी पापण्या आणि जबडा, मग मान, मग हातपाय. बारा तासांच्या आसपास सगळं शरीर ताठ होतं आणि पुढे त्याच क्रमाने सैल पडतं. उन्हाळ्यात हे चक्र लवकर उरकतं, थंडीत रेंगाळतं. शरीराचं तापमान तासाला अर्धा ते एक अंश सेल्सिअस उतरतं हे पुस्तकात ठीक. मे महिन्यात बंद खोलीत ३५ अंश असतील तर शरीर थंड होणार कुठे? मुंबईत एकट्या थर्मामीटरवर विसंबून चालत नाही ते यासाठी.

मालिका जी खूण वाया घालवते ती म्हणजे रक्त खाली साचून पडलेले जांभळट डाग. प्रेत उताणं असेल तर ते पाठीवर पडतात. खांदे आणि नितंब जमिनीला टेकलेले असतात, तिथे दाबामुळे डाग पडत नाही, फिकट ठसा राहतो. साधारण सहा ते बारा तासांत डाग पक्के होतात. नंतर प्रेत उलटं केलं तरी ते जागा सोडत नाहीत. 'खून दुसरीकडे झाला आणि लाश इथे आणून टाकली' हे वाक्य दर चौथ्या भागात येतं, पण कारण म्हणून बुटाची माती किंवा दुर्मीळ फुलाचे परागकण दाखवतात. अहो, पालथं प्रेत आणि पाठीवर डाग, एवढ्यावर काम होतं!

दुसरं, विष. निळं द्रव हलवलं, लाल झालं, विष सापडलं. खरा व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयव, असा जातो: एका बरणीत जठर आतल्या पदार्थांसह आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण ३० सेंमी तुकडा, दुसरीत यकृताचा भाग, ५०० ग्रॅमपर्यंत, आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग, रक्त वेगळं. टिकवायला मिठाचं संपृक्त द्रावण, आणि त्याच द्रावणाचा नमुना स्वतंत्र बाटलीत. हा शेवटचा नमुना विसरला तर बचावपक्ष विचारतो, विष पोटातलं की तुमच्या मिठातलं? बरणी दोन तृतीयांशच भरायची, कारण कुजताना वायू सुटतो आणि काठोकाठ भरलेल्या बरणीचं झाकण उडतं. अहवालाला आठवडे जातात, महिनेही जातात.

कोर्टातला

वरच्या बरणीला एक गोष्ट जोडतो: लाखेचं सील. मुद्देमाल कुणी जप्त केला, सील कुणी लावलं, तो मुद्देमाल कक्षात किती दिवस पडून होता, मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कुठला शिपाई घेऊन गेला, तिथे सील शाबूत होतं का. या साखळीतली एक कडी निसटली की सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) कितीही स्पष्ट असू दे, त्याचं वजन उतरतं. मालिकेत इन्स्पेक्टर अभिजित पिशवी खिशातून काढून थेट साळुंखेंच्या टेबलावर ठेवतो. मला थप्पड खटकत नाही इतकं हे खटकतं.

थप्पड म्हणजे शेवटची तीन मिनिटं. आरोपी थप्पड खातो, मग सगळं सांगतो, मग फ्लॅशबॅक. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. म्हणजे भागाचा कळस कोर्टात शून्य. अपवाद एकच: आरोपीने सांगितलं म्हणून वस्तू सापडली, तर तेवढ्या शोधापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य. जुनं कलम २७, आता २३ मध्येच सामावलेलं.

याची पद्धत बघण्यासारखी असते. दोन पंच बोलवायचे. 'चाकू कुठे टाकला ते दाखवतो' हे आरोपीचं निवेदन त्यांच्यासमोर त्याच्याच शब्दांत लिहायचं, सह्या घ्यायच्या. याला मेमोरँडम पंचनामा म्हणतात. मग सगळ्यांनी निघायचं, गाडी कुठे वळवायची ते आरोपीने सांगायचं, आणि वस्तू त्याने स्वतः काढून द्यायची. जागेवर दुसरा पंचनामा, तिथेच सील. फसतं कुठे? पोलिसांना जागा आधीच माहीत होती असं दिसलं तर. किंवा सगळ्यांना दिसणाऱ्या उघड्या जागेवरून वस्तू 'शोधली' तर. किंवा पंच फुटले तर. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. २०२४ नंतरच्या भागांत तरी कुणाच्या हातात मोबाइल धरलेला दाखवायला हरकत नव्हती.

आणि फाशी. एसीपी ती जागेवरच जाहीर करतात. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मीळ' प्रकरणात. खुनाची नेहमीची शिक्षा जन्मठेप.

सुतारकाम

दरवाजावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरातला साधा फ्लश दरवाजा ३० ते ३५ मिमी जाड असतो. लाथेने फळी तुटत नाही. तुटते ती चौकट, जिथे कडी किंवा लॅचची जीभ आत शिरते तिथे. त्या भोकाच्या आणि चौकटीच्या कडेच्या मध्ये लाकूड जेमतेम बोटभर उरतं आणि पट्टीचे स्क्रू आखूड असतात. त्यामुळे लाथ मारायची कुलपाच्या शेजारी, टाचेने. दया खांदा मारतो. त्याने जोर फळीभर पसरतो, दरवाजा दणाणतो आणि खांदा निखळण्याची शक्यता जास्त. वर-खाली टॉवर बोल्ट लावले असतील तर जोर तीन ठिकाणी वाटला जातो, मग एका धडकेत काही होत नाही.

मुख्य मुद्दा वेगळाच: बिजागऱ्या कुठे आहेत? बाहेर दिसत असतील तर दरवाजा बाहेर उघडतो, आणि असा दरवाजा आत ढकलून मोडणं म्हणजे अख्ख्या चौकटीशी कुस्ती. काही भागांत दरवाजा आधी बाहेर उघडताना दाखवलाय आणि नंतर दया तोच आत पाडतो. बारकाईने बघा.

कोर्टातला

तोडण्याचा अधिकार मात्र खरा आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४४, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४७. आधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचं, आत येऊ द्या म्हणायचं, नाही दिलं तर तोडायचं. मालिकेत निदान हाक तरी मारतात.

ठसे

रुमालाने पिस्तूल उचलणं बंद करा! रुमाल ठसे वाचवत नाही, पुसतो. नळीत पेन घालून उचललं तर आतले जळलेले कण हलतात. हातमोजे घालून खडबडीत मुठीला धरायचं, तिथे ठसा उमटायची शक्यता मुळात कमी. नळी माणसांकडे नको, आधी रिकामं करायचं, किती गोळ्या कुठे होत्या ते लिहायचं.

पावडर गुळगुळीत, कोरड्या पृष्ठभागावर. ब्रशला अगदी थोडी घ्यायची. जास्त घेतली की रेषांमधल्या खाचा भरतात आणि काळा डाग उरतो. कागदावर निनहायड्रिन हे रसायन, जांभळा ठसा उमटायला एक-दोन दिवस सहज. प्लॅस्टिकच्या पिशवीवर सुपरग्लूची वाफ. मालिकेत सगळ्याला एकच ब्रश. संगणकावरची जुळवणी आता थट्टेचा विषय राहिलेली नाही, कारण २०२२ पासून देशभरातल्या ठशांची 'नाफिस' ही संगणकीय प्रणाली आहे. ती संभाव्य नावांची यादी देते. जुळला की नाही हे भिंग घेऊन माणूसच ठरवतो.

रक्ताचे कपडे पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत पडद्यावर छान दिसतात. ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवायचे, कागदात बांधायचे. रक्ताचा माग काढणाऱ्या ल्युमिनॉल रसायनाची निळी चमकही अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकते, ब्लीचनेसुद्धा येते, म्हणून ती फक्त 'इथे शोधा' इतकंच सांगते.

टॉवर लोकेशन

नकाशावरचा लाल ठिपका इमारतीवर येऊन थांबतो. सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींत, असतं ते सेलचं नाव, आणि एका टॉवरचे सहसा तीन भाग, प्रत्येकी १२० अंशांचे. म्हणजे ठिपका नव्हे, पाचर. दाट वस्तीत काही शे मीटर, गावाकडे काही किलोमीटर. खरी कमाई लोकेशनमध्ये नसतेच. ती आयएमईआयमध्ये, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या क्रमांकात, असते: आरोपी सिम फेकतो, हँडसेट ठेवतो, दुसरं सिम घालतो आणि त्याच आयएमईआयवर नवा नंबर उगवतो. यावर लिहिलेले भाग मालिकेतले सर्वांत पटणारे.

नोंद खरी असल्याच्या प्रमाणपत्राचं कुणी नाव काढत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ते लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात पक्कं केलं, आणि नव्या साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्यही (फाइल बदलली नाही हे पडताळायचा आकडा) लिहावं लागतं.

कॅमेऱ्यामागे

सगळे चुका काढताहेत, म्हणून एक बाजू घेतो. २००४ मधला १११ मिनिटांचा एका शॉटचा भाग पुन्हा बघा. ३५ मिमी फिल्मचा हजार फुटांचा रोल ११ मिनिटांत संपतो, म्हणजे हे व्हिडिओवरच शक्य. एवढ्या लांब शॉटमध्ये दिवे चौकटीत येऊ न देता खोल्या उजळायच्या, दिव्यासमोरून जाताना कॅमेऱ्याची सावली भिंतीवर पडू द्यायची नाही, माइकवाल्याने प्रत्येक वळणावर कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहायचं, आणि शंभराव्या मिनिटाला कुणी संवाद विसरला तर पहिल्यापासून. त्या भागात पात्रं दारातून आत आल्यावर अर्धा क्षण रेंगाळतात. तो अभिनय नाही, कॅमेरा मागून पोचायची वाट आहे.

ठसे

@कॅमेऱ्यामागे, मान्य. पण गोळीबाराच्या प्रसंगात हातात रिव्हॉल्व्हर आणि जमिनीवर रिकामी पुंगळी, हे कुणाच्या नजरेतून सुटतं? पिस्तूल पुंगळी बाहेर फेकतं. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या चक्रातच राहतात, कुणी ते उघडून झटकेपर्यंत.