मदत हवी आहे: लंडनमध्ये बाबांना फुटबॉलची मॅच दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या मधल्या पंधरवड्यात बाबांना घेऊन लंडनला चालले आहे. धाकटी बहीण ईलिंगला राहते, मुक्काम तिच्याकडेच. काय काय बघायचं याची यादी तिने केली आहे, पण बाबांना विचारलं की उत्तर एकच येतं: "मॅच बघायची. ग्राउंडवर जाऊन."

बाबा 71 वर्षांचे. जन्म कोल्हापुरातला. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. पुढे दुकान चालवलं, पण शाहू स्टेडियमवर चारची मॅच असली की शटर साडेतीनला खाली यायचं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असेल तर आईसुद्धा त्यांना थांबवायची नाही. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याबरोबर त्या पायऱ्यांवर बसले आहे. पेठेच्या संघाने गोल खाल्ला की बाबा रात्री जेवताना बोलत नसत. दोन वर्षांपूर्वी गुडघा बिघडला, तेव्हापासून स्टेडियम सुटलं. आता शनिवारी रात्री साडेआठला इंग्लंडमधली मॅच बघायला टीव्हीपुढे बसतात. भाच्याने दिलेली आर्सेनल या लंडनच्या क्लबची लाल जर्सी तेवढ्यापुरती अंगात असते.

म्हणून मला हे नीट जमवायचं आहे. रिकाम्या स्टेडियमची सहल नको, खरी मॅच हवी.

आर्सेनलचं तिकीट बाहेरच्या माणसाला मिळतं का? एका संकेतस्थळावर दिसतंय, पण दर वाचून धडकीच भरली. शिवाय माझ्या मावसभावाने मागे अशाच एका ठिकाणी पैसे भरले, तिकीट फाटकावर चाललंच नाही आणि तो बायकोमुलांसह बाहेरूनच परतला. बाबांच्या बाबतीत तसं झालेलं मला सहन होणार नाही. दुसरी काळजी गुडघ्याची. सगळे उभे राहून मॅच बघतात म्हणे, ते खरं का? आणि थंडीत दोन तास बसवेल का त्यांना? दारू प्यालेल्यांच्या गर्दीबद्दलही बरंच ऐकलं आहे.

कोणी आईवडिलांना नेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

थेम्सकाठी:

ताई, तिकिटाचं आधी सांगतो. क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळाशिवाय, किंवा क्लबने ज्याचं नाव तिथे अधिकृत म्हणून दिलं आहे त्याच्याशिवाय, कुठेही एक पौंड भरू नका. क्लबच्या परवानगीविना फुटबॉलचं तिकीट विकणं हा इंग्लंडमध्ये 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही पाहिलेलं तिकीट बहुधा कुणाच्या तरी सदस्यत्वावरचं असणार. ते क्लबने रद्द केलं की तुम्ही फाटकावर अडकलात. तुमच्या मावसभावाचं हेच झालं असावं.

आर्सेनलच्या मैदानात साठ हजार माणसं बसतात, तरी तिकिटं सदस्यांनाच पुरत नाहीत. सदस्य झालात तरी सोडतीत नाव लागावं लागतं. जेवणासकटची महागडी तिकिटं खुली असतात, पण ती मी सुचवणार नाही. एवढा खर्च केला हे बाबांना कळलं तर त्यांचं मॅचमध्ये लक्ष लागायचं नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. नोव्हेंबरच्या मध्यावर देशादेशांच्या सामन्यांसाठी क्लब फुटबॉलला सुट्टी असते. तुमच्या दोन शनिवारांपैकी एका शनिवारी प्रीमियर लीगची, म्हणजे इथल्या सर्वात वरच्या लीगची, एकही मॅच नसण्याची शक्यता मोठी आहे. खालच्या लीगा मात्र बहुतेक चालू असतात. शिवाय टीव्हीसाठी मॅच शनिवारची रविवारी, कधी सोमवारी रात्री जाते. वेळापत्रक जूनमध्येच लागतं, पण त्यावर विसंबून परतीचं विमान त्याच संध्याकाळचं काढू नका.

प्रीमियर लीगच हवी असेल तर माझं मत फुलहॅम या क्लबला. ईलिंग ब्रॉडवेहून भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने अर्ल्स कोर्ट, तिथे गाडी बदलून पुटनी ब्रिज. पुढे नदीच्या कडेने बागेतून चालत मैदानात. तिथला एक स्टँड 1905 सालचा आहे. बाबांना तो फार आवडेल, पण जुन्या लाकडी खुर्च्यांत पाय पसरायला जागा कमी, त्यामुळे गुडघ्यासाठी कडेची जागा मिळाली तरच घ्या.

पंचगंगा_ते_पॅडिंग्टन:

मी कळंब्याची, आता दहा वर्षं इकडे आहे. गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांना नेलं होतं. वरच्या प्रतिसादातल्या तिकिटाच्या भागाला पूर्ण दुजोरा. पण तुमच्या बाबांबद्दल वाचून मला फुलहॅमपेक्षा विम्बल्डन सुचतंय, टेनिसचं नाही, फुटबॉलचं.

त्यामागची गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. तिथला जुना क्लब लंडनबाहेर मिल्टन कीन्सला हलवायला 2002 मध्ये परवानगी मिळाली. आपला संघ उचलून दुसऱ्या गावाला दिला म्हणून लोक पेटले आणि त्याच वर्षी त्यांनी नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर चाचणी घेऊन खेळाडू निवडले आणि खूप खालच्या पायरीपासून सुरुवात केली. एकेक पायरी चढत व्यावसायिक लीगमध्ये आले, आणि 2020 मध्ये प्लाउ लेनला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचं स्टेडियम उभं केलं. क्लबचा ताबा समर्थकांच्या संस्थेकडे आहे. पेठेचा संघ म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सासरे मध्यंतरात शेजारच्या आजोबांशी मोडक्या इंग्रजीत ऑफसाइडवर वाद घालत होते. मोठ्या मैदानात ते गर्दीत हरवले असते.

स्टेडियम नऊ हजारांच्या आसपासचं, त्यामुळे तिकीट मिळणं बरंच सोपं. 65 वर्षांवरच्यांना सवलतीचा दर असतो, तो निवडायला विसरू नका. उभं राहण्याचा भाग वेगळा आहे, तुम्ही बसायची बाजू घ्या. गुडघ्याचं क्लबला आधी मेल करून कळवा, कमी पायऱ्यांची जागा सुचवतात. विम्बल्डन स्टेशनवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाबांसाठी टॅक्सी करा.

दारूचं म्हणाल तर मैदान दिसेल अशा जागी ती प्यायला 1985 च्या कायद्याने बंदी आहे. पिणारे आत स्टँडखाली थांबतात. शिव्या मात्र कानावर पडतील. शाहू स्टेडियम बघितलेल्या माणसाला त्याचं काय! पाहुण्या संघाच्या रंगाचे कपडे तेवढे टाळा. लाल जर्सी घरीच राहू दे, समोरचा संघ लाल असला तर पंचाईत.

तीनची मॅच असली तरी चारनंतर अंधार पडतो. थर्मल, कानटोपी, एकावर एक दोन मोजे घाला आणि बुडाखाली घ्यायला एखादी घडी न्या. थंडी खालून चढते. पिशवी ए-फोर कागदाएवढीच न्या. तिकिटं फोनमध्ये येतात, ती घरच्या वायफायवर उघडून ठेवा. फाटकावर हजारो फोन एकदम चालतात तेव्हा नेट मिळत नाही.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. रात्री बाबांना विम्बल्डनची गोष्ट सांगितली. काही बोलले नाहीत, मग विचारलं, "मैदान हलवलं तेव्हा पोरांनी काय केलं?" पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तेव्हा विम्बल्डन ठरलं.

एक विचारायचं राहिलं. त्यांना गोलकीपरचा सराव जवळून बघायचा आहे. किती लवकर जावं? आणि गोलच्या मागची जागा घेऊ का?

थेम्सकाठी:

गोलकीपर इतरांच्या आधी बाहेर येतात, साधारण पाऊण तास आधी. तुम्ही सव्वा तास आधी पोचा, तोवर फाटकं उघडलेली असतात. गोलच्या मागे मात्र नको, तिथे लोक उभे राहतात आणि बाबांना काही दिसणार नाही. लांबीच्या बाजूच्या स्टँडचं टोक घ्या, गोललाइनला लागून, खालून चौथी-पाचवी रांग. तिथून कीपरने सहकाऱ्यांना मारलेली हाकसुद्धा ऐकू येते.

आणखी एक. एरवी शनिवारी तीनला सुरू होणाऱ्या मॅचेस इथे ब्रिटनमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, लोकांनी घरी न बसता आपापल्या छोट्या क्लबच्या मैदानात यावं म्हणून. तुमचे बाबा तिकडे भारतात साडेआठला ज्या बघतात, त्याच.

धागाकर्ती:

हे बाबांना वाचून दाखवलं. चौथी रांगच घे म्हणाले.