रीसँडला माफी आणि टॅमलिनला शिक्षा, हे मला पटत नाही

गोरेगावकरीण

सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका (पहिलं पुस्तक २०१५, पाचवं २०२१) वाचून संपवली. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये लेडीज डब्यात हे पुस्तक इतक्या जणींच्या हातात दिसतं की शेवटी मीही घेतलं. बोलायला घरी कुणी नाही, म्हणून इथे लिहिते. पुढे कथानक फुटणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

थोडक्यात गोष्ट अशी. १९ वर्षांची फेयरा शिकार करून घर चालवते. जंगलात ती एक लांडगा मारते आणि तो निघतो परीलोकातला. त्या जिवाच्या भरपाईपोटी टॅमलिन तिला भिंतीपलीकडे, आपल्या वसंत दरबारात घेऊन जातो. ती त्याच्या प्रेमात पडते, आणि अमरान्था या क्रूर राणीच्या शापातून त्याला सोडवायला डोंगराखालच्या तिच्या दरबारात जाऊन तीन परीक्षा देते. तिथे रात्र दरबाराचा स्वामी रीसँड तिचा सडत चाललेला हात बरा करतो आणि मोबदल्यात तिच्या आयुष्यातला दर महिन्याचा एक आठवडा मागून घेतो. दुसऱ्या पुस्तकापासून हाच नायक.

पहिल्या पुस्तकातला काळोख मला मनापासून आवडला. तिसरी परीक्षा वाचताना माझं स्टेशन मागे पडलं. समोर तिघे गुडघ्यांवर बसलेले, डोकी झाकलेली, आणि फेयराच्या पुढ्यात तीन सुरे. पहिला तरुण गयावया करतो, दुसरी बाई प्रार्थना म्हणत राहते. फेयरा दोघांनाही मारते. दोघेही निरपराध आहेत, हे तिला पक्कं माहीत असतं. लेखिका तिला कुठलीही पळवाट देत नाही, आणि दुसरं पुस्तक उघडतं तेव्हा हीच मुलगी मध्यरात्री उठून उलट्या करत असते. असं लिहायला हिंमत लागते.

म्हणूनच रीसँडच्या बाबतीत ही हिंमत कुठे गेली, हे मला कळत नाही. त्याच डोंगराखाली तो तिला रोज रात्री आरपार दिसणारे कपडे घालायला लावतो, अंग रंगवतो, परीलोकाची दारू पाजतो आणि सगळ्यांसमोर नाचवतो. सकाळी तिला काही आठवत नाही. दुसऱ्या पुस्तकात खुलासा येतो की हे सगळं तिच्या भल्यासाठीच होतं. अमरान्थाला संशय येऊ नये, टॅमलिन चवताळावा आणि फेयराला त्या रात्री आठवू नयेत, म्हणून. बरं. मग टॅमलिन तिला घरात कोंडतो, त्यालाही कारण आहे. परीक्षांच्या शेवटी अमरान्थाने तिची मान मोडलेली त्याने डोळ्यांनी पाहिली आहे, ती मरून पुन्हा जिवंत झालेली आहे, तिला पुन्हा गमवायची भीती त्याच्या हाडात बसली आहे. एकाचं कारण लेखिका पानंच्या पानं ऐकून घेते, दुसऱ्याचं चार ओळींत उरकते. ज्याच्या बाजूने लेखिका, तो निर्दोष?

रात्रवाचक

साफ असहमत. दोघांना एका तराजूत घालताना तुम्ही सत्ता कुणाच्या हातात होती, हेच सोडून दिलंत.

डोंगराखाली रीसँड स्वतः कैदी आहे. ४९ वर्षं. अमरान्थाने त्याची बहुतेक शक्ती काढून घेतली आहे आणि ती त्याला आपल्या शेजेवर बोलावते. त्याला नकार देण्याची सोय नाही, कारण नकाराची किंमत त्याचे लोक मोजतील. अशा जागी एखाद्या मुलीवर मेहरनजर दिसली तर ती मुलगी मेलीच. तिला आपलं खेळणं म्हणून मिरवणं हा घाणेरडा मार्ग होता, पण दुसरा कुठला होता ते सांगा. टॅमलिन तिला कोंडतो तेव्हा तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या पहारेकऱ्यांमध्ये, पूर्ण शक्तीनिशी उभा आहे. ती विनवते, मला बाहेर पडायचंय, मला काम द्या. तरी तो अदृश्य भिंत घालून निघून जातो. भीती वाटत असेल त्याला, पण त्या भीतीची किंमत तिनेच का चुकवायची?

आणि डोंगराखाली दोघांना चोरून भेटायला मिळतं तेव्हा टॅमलिन काय करतो? सुटकेचा एक शब्द बोलत नाही, तिला जवळ ओढतो. तिथेच माझ्या मनातून तो उतरला.

रीसँडने तिला काय दिलं तेही बघा. तिला वाचता येत नव्हतं, त्यापायी दुसऱ्या परीक्षेत ती मरायची. तो तिला अक्षरं शिकवतो. ठरलेला आठवडा संपला की परत पाठवतो. आणि टॅमलिनशी होणाऱ्या भर लग्नात ती मनातल्या मनात धावा करते तेव्हा येतो. मला तर एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर आठवलं. गिरगावात आमच्या चाळीत लग्न जमत नसलेल्या मुलींना त्याचं पारायण करायला सांगायचे. तिथेही हरण आहे, पण ते रुक्मिणीच्या बोलावण्यावरून. जग त्याला पळवणं म्हणालं तरी तिच्यासाठी ती सुटका होती.

गोरेगावकरीण

रात्रवाचक, रुक्मिणीचा दाखला माझ्याच बाजूने जातो. तिने पत्र लिहिलं, नाव घालून, कुठे आणि कधी यायचं ते कळवून. फेयरा 'कुणीतरी वाचवा' म्हणते. रीसँडचं नाव घेत नाही. ते त्याला ऐकू जातं, कारण त्या सौद्याने तिच्या मनात शिरायची वाट त्याला मिळाली आहे. आणि तो सौदा कधी झाला? ती कोठडीत तापाने फणफणलेली, मोडलेलं हाड बाहेर आलेलं असताना. सही करायला लावायची ती वेळ होती?

ठाणे_पूर्व

टॅमलिनच्या बाजूने कुणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. फेयराला वाचता येत नाही हे आधी टॅमलिनच्या लक्षात येतं. घरी पत्र लिहायला मदत करू का, असं तो विचारतो, ती लाजेपोटी नाही म्हणते. मग तिला अडलेल्या शब्दांची यादी त्याच्या हाती लागते आणि तो त्याच शब्दांवर तिला हसवायला वात्रट कविता रचतो. पहिल्या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग. दुसऱ्या पुस्तकात याची आठवणसुद्धा कुणी काढत नाही. माणूस बिघडतो हे मान्य, पण तो कसा बिघडत गेला ते दाखवायला हवं होतं.

रात्रवाचक

दाखवलंय की. वसंतोत्सवाच्या रात्री तो तिच्या मानेला चावतो आणि दुसऱ्या दिवशी वर तिलाच ऐकवतो की खोलीत थांबायला सांगितलं होतं, ऐकलं नाहीस. तेव्हा आपल्याला ते प्रेमाचं लक्षण वाटलं. दुसरं पुस्तक वाचल्यावर मी मागे जाऊन ते पान पुन्हा काढलं. कोंडणारा माणूस तिथेच होता. आपल्याकडे किती मुलींना 'काळजीपोटी बोलतो गं तो' असं समजावलं जातं! लोकलमधल्या मुलींना हे पुस्तक का भिडतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

मुलुंडची_आई

मध्येच विचारते. माझी मुलगी आठवीत आहे, वर्गातल्या मैत्रिणीकडून तिने पहिला भाग आणलाय. मुखपृष्ठ बघून मला मुलांचं पुस्तक वाटलं. देऊ का वाचायला?

गोरेगावकरीण

ताई, आठवीला नको. हिंसा आहे आणि शरीरसंबंधांची वर्णनं आहेत, दुसऱ्या भागापासून बरीच. दुकानात ते कुमारांच्या पुस्तकांशेजारी दिसतं, त्यावर जाऊ नका. नुसतं हिसकावून घेऊ नका मात्र, का नको ते तिला सांगा.

इंग्रजी_शिकवते

कॉलेजात याच विषयाची असल्याने दोन गोष्टी जोडते. टॅमलिन हे नाव 'टॅम लिन' या जुन्या स्कॉटिश पोवाड्याची आठवण करून देतं. त्यात जॅनेट परीराणीच्या तावडीतून प्रियकराला सोडवते. राणी त्याचा साप करते, तापलेलं लोखंड करते, तरी ती मिठी सोडत नाही. मुलीने पुरुषाला सोडवायचं, हा धागा मास यांनी पहिल्या पुस्तकात नीट पेलला आहे.

दुसरी गोष्ट 'ब्युटी अँड द बीस्ट'ची. १७४० साली मादाम दे विलनव यांनी ती लिहिली. त्यातही मुलगी सौद्यातून आलेली, वाडा परका, यजमान राक्षसी. पण तो तिला दर रात्री विचारतो आणि नकार मिळाला की निघून जातो. जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीत एवढं भान आहे. म्हणून माझं मत गोरेगावकरीण यांच्याकडे झुकतं. काळोखी प्रेमकथा काळोखीच असावी, पण नायकाने केलेलं कृत्य लेखिकेने पुसून टाकू नये.

गोरेगावकरीण

अगदी हेच! आणि पाचव्या पुस्तकाबद्दल कुणी का बोलत नाही? फेयरा गरोदर आहे. बाळाला पंख आहेत, बाळंतपणात ती जगणार नाही, हे रीसँडला कळतं. तो तिला सांगत नाही. बाकीच्या घराला माहीत, आणि जिचा जीव जायचाय तिलाच माहीत नाही. शेवटी तिची बहीण नेस्टा रागाच्या भरात बोलून जाते, आणि रीसँडचा संताप कुणावर? नेस्टावर. तिला शहराबाहेर डोंगरात पायपिटीला नेलं जातं. निवड करू देतो म्हणून ज्याचं कौतुक पाच पुस्तकं चाललं, त्याने तिच्याच शरीराची गोष्ट तिच्यापासून लपवली. टॅमलिनची भिंत सगळ्यांना दिसली, ही कुणाला भिंत वाटत नाही.

रात्रवाचक

पाचव्या पुस्तकातल्या रीसँडची बाजू मी घेणार नाही. ते वाचून मलाही चीड आली, आणि फेयरा त्याला इतक्या लवकर माफ करते हे खोटं वाटलं. पण ते पाचव्या पुस्तकाचं अपयश. त्यावरून डोंगराखालच्या कैद्याचा न्याय करायचा नाही. तिथे त्याने जे केलं त्याला दुसरा मार्ग कोणता होता, हे मी वर विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

गोरेगावकरीण

देते. तिला सांगायचं. कोठडीत तो तिला एकटा भेटतो, एकदा नाही, बरेचदा. 'उद्या तुला नाचवणार आहे, कारण हे' एवढं एक वाक्य. घाबरली असती, चिडली असती, पण तिला कळलं असतं.

रात्रवाचक

आणि अमरान्थाने तिच्या मनात शिरून ते काढून घेतलं असतं तर? मनात शिरणारे त्या दरबारात रीसँडखेरीज आणखी कुणी नव्हते, असं तुम्ही गृहीत धरताय. तो तो धोका पत्करू शकत नव्हता.