सासूबाईंना काय सांगू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याचे. माझं माहेर प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक. सासूबाई आता अंथरुणाला खिळल्यात. रात्री रोझरीचे (जपमाळेचे) मणी सरकवता सरकवता थांबतात नि विचारतात, "बाय, देव माका घेतलो मां?" (देव मला आपल्याकडे घेईल ना?)

शेजारणीकडून उसने घेतलेले पन्नास रुपये द्यायचे राहिले आणि ती वारली, हे त्यांना अजून खातंय.

मी लहानपणी बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र ५:१३ पाठ केलेलं: सार्वकालिक जीवन आपल्याला मिळालंय हे 'कळावं' म्हणून लिहिलेलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी उलट फिलिप्पैकरांस २:१२ काढलं, भीत नि कापत तारण (आपली मुक्ती) साधून घ्या! (डोकं अजून तल्लख आहे.) शिवाय १५४७ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने, देवाने खास प्रकट करून सांगितल्याशिवाय आपलं तारण होणारच अशी पक्की खात्री धरू नये म्हटलंय. पण त्याच परिषदेने देवाच्या साहाय्यावर दृढ आशा ठेवा असंही सांगितलंय, ते मी त्यांना कसं समजावू?

मला वाद जिंकायचा नाही, त्यांना झोप लागायला हवी. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराची गोष्ट, लूक २३:४३, जिथे येशू त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' म्हणतो, ती चालेल का? कॅथलिक मंडळींनी जरूर सांगा, तुमच्या घरी अशा वेळी काय वाचता? आणि त्या पन्नास रुपयांचं काय करू?